नाव ठेवण्याचा हव्यास

मराठीत ‘नाव ठेवणे’ या एकाच शब्दप्रयोगात बारसेही येते आणि बदनामीही. १८६४ साली फ्रान्समधील लोजरी-बास येथे मार्की द व्हिब्राये यांना हस्तिदंताची, मस्तकविरहित अशी एक चिमुकली स्त्रीमूर्ती सापडली, तेव्हा दोन्ही कार्ये एकदमच उरकली गेली. नाव पडले ‘निर्लज्ज व्हीनस’. रोमच्या देवतेआधी हजारो वर्षे कोरलेल्या या बाईने लज्जारक्षणार्थ हात आडवा धरला नाही, एवढाच काय तो तिचा अपराध!

नाव चिकटले ते चिकटलेच. २००८ साली जर्मनीतील होले फेल्स गुहेत निकोलस कॉनार्ड यांच्या चमूस मॅमथच्या सुळ्यात कोरलेली, जेमतेम सहा सेंटिमीटर उंचीची मूर्ती मिळाली. ती निदान ३५,००० वर्षांपूर्वीची. मस्तकाच्या जागी कडी आहे, म्हणजे बहुधा दोऱ्यात ओवून कोणी अंगावर वागवीत असावे. पण तीही ‘व्हीनस’च.

आपल्याकडील लेखक व्हीनस टाळतात आणि ‘आदिमाता’ म्हणून हात जोडतात. त्यात सौजन्य आहे, पुरावा नाही. आमची उमेद सरकारी दप्तरात गेली. दाखला नसेल तर रकाना कोरा ठेवावा, हा तेथील साधा शिरस्ता विद्वानांस का जड जावा?

नाव ही केवळ सोय आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. नाव पडले की डोळे तेवढेच पाहतात. १९२२ साली सापडलेल्या लेस्प्यूगच्या हस्तिदंती मूर्तीच्या स्तन-नितंबांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. पाठीमागे लोंबणारा दोऱ्यांचा घागरा मात्र मागेच राहिला. या मूर्तींवरील विणकाम, पट्टे, टोप्या यांचाच कसून विचार करणारा ओल्गा सॉफर व सहकाऱ्यांचा लेख यायला २००० साल उजाडले. दोर वळणारे, विणणारे हात त्या काळी होते, ही केवढी वार्ता! सैबेरियात बैकल सरोवराकडील माल्टा येथे गेरासिमोव्ह यांना मिळालेल्या काही मूर्ती तर डोक्यापासून कातडी पेहरावात आहेत. त्यांना व्हीनस म्हणणाऱ्याने थंडीचा तरी विचार करावा.

स्थळाचे नाव घ्यावे आणि पुढे ‘स्त्रीमूर्ती’ म्हणावे, इतकेच आमचे मागणे. हे अशक्यही नाही. १८९४ साली ब्रासाँपुई येथे मिळालेल्या हस्तिदंती मुखाला नाक आहे, भुवया आहेत, तोंड कोरलेलेच नाही. तिला फ्रेंच लोक ‘ब्रासाँपुईची बाई’ म्हणतातच.