बाराच्या ठोक्याला जेवणारी माणसे

दुपारचे बारा वाजले की सोलमधील कचेऱ्यांच्या उंच इमारती भराभर रिकाम्या होतात. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली माणसे चार-चार, सहा-सहांच्या घोळक्याने बाहेर पडतात आणि मागच्या गल्ल्यांतील खानावळींत शिरतात. पावणेबाराला ओस पडलेल्या खानावळीत सव्वाबाराला बसायला जागा नसते, आणि एकच्या सुमारास पुन्हा सामसूम. जावयाच्या नोकरीमुळे मला तिथे तीन आठवडे राहण्याचा योग आला. डॉक्टरी सवयीने मी राजवाड्यांपेक्षा लोकांची जेवणेच जास्त पाहिली.

दक्षिण कोरियाच्या कामगार कायद्याप्रमाणे आठ तासांच्या कामात किमान एक तासाची विश्रांती द्यावीच लागते. पण हा तास पाळला जातो तो कायद्यापेक्षा रिवाजाने. आपल्याकडे दारात आलेल्याला आपण ‘जेवलात का?’ विचारतो, तसाच प्रश्न तिथेही ख्यालीखुशाली म्हणून विचारतात. एकट्याने जेवणे पूर्वी कानकोंडे वाटे. आता तशी माणसे वाढली आहेत, तरी काही पदार्थ अजून किमान दोघांसाठीच मिळतात.

खानावळीची रीत आपल्या माणसाला गमतीची वाटेल. चमचे आणि धातूच्या काड्या अनेकदा टेबलाच्या खणातच असतात, वाढप्याला बोलवायला टेबलावर घंटीचे बटण असते. पाणी बहुधा आपले आपण घ्यायचे. बक्षिशीची पद्धत नाही. वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय धाकटे सुरुवात करत नाहीत. आणि मुख्य पदार्थ येण्याआधीच लहान लहान बशा मांडल्या जातात. किमची, पालक, मोड आलेली कडधान्ये, मुळा, समुद्री शेवाळ असे त्यांत काहीबाही असते. त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपल्या की बहुतेक ठिकाणी पुन्हा भरून मिळतात. (शाकाहारी वाचकांसाठी सांगतो, किमचीत बहुधा खारवलेली मासळी असते. आमच्या सौभाग्यवतींना हे तिसऱ्या दिवशी कळले!)

आता डॉक्टर म्हणून बोलतो. या बशांमुळे कारकुनापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या पोटात दुपारी तीन-चार प्रकारच्या भाज्या जातात. आपली साधी खानावळ बटाट्याच्या रश्शावर आणि पापडावर वेळ मारून नेते. या बाबतीत कोरियन खानावळ आपल्यापुढे आहे, हे मी बिनदिक्कत म्हणेन.

मात्र सगळेच उचलण्यासारखे नाही. किमची, सोयाबीनची आंबवलेली चटणी आणि उकळता रस्सा या तिन्हींत मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा मीठ, पुरे म्हणते. २०१० साली कोरियन माणसाच्या पोटात सरासरी ४८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जात होते. सरकारने मोहीम हाती घेतल्यावर २०१८ पर्यंत ते ३३०० च्या घरात आले. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जिथे जगात सर्वाधिक आहे, अशा देशांत कोरिया मोडतो. त्याला जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर जंतू, तंबाखू आणि खारट खाणे अशी अनेक कारणे आहेत. म्हणूनच तिथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना आहे. रोग लवकर सापडतो, त्यामुळे पुष्कळ रुग्ण वाचतात. आणखी एक खोड म्हणजे घाई. वाफाळता रस्सा पंधरा मिनिटांत संपवून उरलेला वेळ कॉफीला! कॉफीनंतर कित्येक जण कचेरीतच दात घासतात, ही सवय मात्र छान.

मला हेवा वाटला तो त्या ठरलेल्या तासाचा. आपल्याकडे दुकानदार गिऱ्हाईक सरेपर्यंत थांबतो, एस.टी.चा चालक फेरी संपेपर्यंत, आणि गृहिणी सगळ्यांचे उरकेपर्यंत. मग चार वाजता जेवण, संध्याकाळी जळजळ. मधुमेह असलेल्यांना तर हे धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी सकाळी घेतली आणि दुपारचे जेवण टळले, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. असे पुन्हा होईल म्हणून गोळी मनाने बंद करू नये. आठवडाभर रोज दुपारी किती वाजता जेवलो ते कॅलेंडरवर लिहावे आणि तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावा. गोळीची वेळ, मात्रा किंवा गोळीच बदलता येते.