याद्या आणि एक पत्र

आपल्याकडे लग्न ठरले की याद्या होतात. मानपान, दागिने, हॉलचा खर्च, सारे कागदावर येते. पण 'मी मुळात प्रेमापोटी आलोच नव्हतो' असे नवरदेवाने लिहून दिल्याचे कधी ऐकले आहे? इंग्लंडच्या बेंजामिन डिझरायलीने दिले होते. पुढे १८७६ साली पंतप्रधान असताना राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी करणारा कायदा ज्याने आणला, तोच हा.

१८३९ साली तो चौतीस वर्षांचा, नवखा खासदार होता. महत्त्वाकांक्षा आभाळाएवढी आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. मेरी अ‍ॅन त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिचे पहिले पती मेडस्टोनचे खासदार होते, डिझरायलीही तिथलाच. ते वारले आणि तिच्याकडे लंडनमधले घर व भक्कम उत्पन्न आले. लग्न लांबत चालले, दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. तेव्हा त्याने पत्र पाठवले. सुरुवातीला मनात प्रेमबिम नव्हते, तुझी संपत्तीही लोक म्हणतात तेवढी नाही हे कळले, पण आता जीव गुंतला आहे!

दुसरीने पत्र फाडून टाकले असते. हिने त्याच ऑगस्टमध्ये लग्न केले. मला तर वाटते, गोड बोलण्यापेक्षा तिला हा कागदच खात्रीचा वाटला असावा.

तिने त्याची देणी फेडली, निवडणुकीचा खर्च उचलला, घरखर्चाचा हिशेब स्वतः ठेवला. त्याचे केसही तीच कापायची आणि पुड्या बांधून जपून ठेवायची! १८६७ साली संसदेत मोठा विजय मिळवल्यावर क्लबातली मेजवानी सोडून तो मध्यरात्री घरी आला. ती जेवण मांडून जागी होती. पुढच्याच वर्षी पंतप्रधानपद सोडताना त्याने राणीकडे सरदारकी मागितली, ती स्वतःसाठी नव्हे, तिच्यासाठी.

संशयी माणूस म्हणेल, जपणारच की! कारण घर आणि उत्पन्न तिच्या हयातीपुरतेच होते. डिसेंबर १८७२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी ती गेली आणि खरोखरच त्याला ते घर सोडावे लागले. तिच्या कागदांत १८५६ चे एक पत्र निघाले. माझ्यामागे एकटा राहू नकोस, असे तिने लिहिले होते.

त्याने पुन्हा लग्न केले नाही. १८८१ साली मरेपर्यंत तो काळ्या कडेच्या कागदावरच पत्रे लिहीत होता.