सनद एकदाच, कायदा मात्र नित्य नवा

दि. 1 जुलै 2024 रोजी आपल्या देशातील फौजदारी न्यायव्यवस्थेचे तिन्ही आधारग्रंथ एकाच दिवशी बदलले. 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि 1872 च्या पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. 511 कलमांच्या ठिकाणी 358 कलमे आली. खुनाचे 302 हे कलम 103 झाले, फसवणुकीचे 420 हे 318 मध्ये गेले. त्यातच 1 जुलैपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू राहिल्याने पुढची कित्येक वर्षे दोन्ही पुस्तके हाताशी ठेवणे भाग आहे.

अशा स्थित्यंतराच्या वेळी न्यायाधीशांना शिकविण्यासाठी उत्तन व भोपाळ येथे प्रबोधिनी आहेत. पोलीस अधिकाऱ्यांसाठी नाशिकची अकादमी आहे. परंतु न्यायालयाच्या पायरीवर सामान्य माणसाला प्रथम भेटतो तो वकील. त्याच्यासाठी काय आहे? माणगावसारख्या तालुक्याच्या गावातील वकिलाने पदरमोड करून नवे पुस्तक आणले, आणि पहिल्याच जामीन अर्जापासून अशिलाच्या खर्चाने शिकावयास आरंभ केला, असेच बहुधा म्हणावे लागेल. हा दोष त्या वकिलाचा नाही. ज्या व्यवस्थेने त्याला सनद दिली, तिने पुढे त्याची विचारपूस केली नाही, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, बाजारातील सर्व वस्तू सारख्या नसतात. तांदूळ घेताना दाणा चावून पाहता येतो. शिलाई यंत्राचा गुण विकत घेतल्यावर कळतो. परंतु काही सेवा अशा असतात की, त्या घेतल्यानंतरही चांगल्या होत्या की वाईट हे घेणाऱ्याला कळत नाही. वैद्यकाचा सल्ला आणि वकिलाचा सल्ला या प्रकारात मोडतात. दावा हरला तर तो मुळातच कमकुवत होता, की वकिलाला नवा निवाडा ठाऊक नव्हता, हे अशिलाने कसे ओळखावे? अशा ठिकाणी बाजारातील स्पर्धा वाईटाला आपोआप बाजूला सारीत नाही. म्हणूनच समाज अशा व्यवसायांना सनद देतो, मक्तेदारी देतो, आणि तिच्या बदल्यात शिस्तीची अपेक्षा करतो.

एक उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातील अनेक घरांत ते थोड्याफार फरकाने सापडेल. वडिलोपार्जित जमीन, दोन भाऊ, एक बहीण. आई आधीच वारलेली, वडील 2003 साली गेले. बहिणीचे लग्न 1994 पूर्वीचे, म्हणजे महाराष्ट्राने त्या वर्षी केलेल्या सुधारणेचा लाभ तिला नाही. 9 सप्टेंबर 2005 रोजी हिंदू वारसा कायद्यातील सुधारणा अंमलात आली व मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. परंतु 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने फुलवतीच्या प्रकरणात असा अर्थ लावला की, त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत. त्या हिशेबाने या बहिणीला केवळ वडिलांच्या एक तृतीयांश वाट्यातील तिसरा भाग, म्हणजे एकूण जमिनीचा एक नवमांश मिळतो. पुढे 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात त्रिसदस्य पीठाने तो अर्थ रद्द ठरविला. वडील हयात असण्याची अट गेली. आता त्याच बहिणीचा वाटा एक तृतीयांश होतो. मोबदल्याची रक्कम नव्वद लाख धरली तर हा फरक दहा लाख व तीस लाख यांतला आहे.

म्हणजे 2016 साली ज्या वकिलाने एक नवमांश सांगितला तो चुकला नव्हता. 2021 साली तोच सल्ला देणारा मात्र चुकला. दोघांच्याही भिंतीवर तीच सनद टांगलेली आहे. 2021 मध्ये त्या सल्ल्यावर विसंबून बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर ती कोणत्या खिडकीपाशी जाऊन दाद मागणार? मुळात आपले वीस लाख गेले, हे तिला कळणार तरी कसे?

ही चर्चा माणगावच्या संदर्भात विशेष निकडीची आहे. मुंबई–गोवा महामार्ग गावातून जातो. कोकण रेल्वे येथे थांबते. ताम्हिणी घाटाने पुणे जवळ आले आहे. दिघी बंदराच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या औद्योगिक क्षेत्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये बारा औद्योगिक नगरांच्या योजनेत मान्यता दिली. भातशेतीच्या या तालुक्यात जमिनीला कधी नव्हे इतका भाव आला आहे. ज्या सातबाऱ्यांकडे मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी वर्षानुवर्षे पाहिले नाही, ते आता कपाटातून बाहेर निघत आहेत.

भूसंपादनाचा कायदा म्हणजे एकच कायदा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः औद्योगिक क्षेत्रासाठीची जमीन 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली घेता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी 1956 चा स्वतंत्र कायदा आहे. आणि 2013 चा भूसंपादन कायदा आहेच. प्रत्येकाची वाट निराळी. महामार्गाच्या मोबदल्याबद्दल तक्रार असेल तर ती लवादापुढे जाते. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यावयाचे तर मुदत तीन महिने, आणि सबळ कारण दाखविल्यास वर तीस दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. नेहमीच्या अपिलाप्रमाणे विलंब माफ होईल, या समजुतीवर राहिलेल्या वकिलाच्या अशिलाला पुढे कितीही न्याय्य बाजू असली तरी दार बंद होते. महामार्गाच्या जमिनीलाही दिलासा रक्कम व व्याज दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात ठरविले. हे ज्याला ठाऊक तो मागेल. ज्याला नाही तो मागणार नाही. समोरच्या बाजूस सरकारी यंत्रणा असते, आणि तिच्या वकिलांना हीच प्रकरणे नित्याची असतात. शेतकऱ्याला मात्र आयुष्यात एकदाच जमिनीचा निवाडा पाहावयाचा असतो.

याच जिल्ह्यातील चरी येथे 1933 पासून सहा वर्षे कुळांनी संप केला. त्यानंतर 1948 चा कुळकायदा आला, 1949 च्या कायद्याने खोती नष्ट झाली. संघर्षाने कायदा मिळतो. परंतु तो माणसाच्या हाती पडतो तो न्यायालयात, आणि तेथे मध्यस्थ वकीलच असतो. मध्यस्थाचे ज्ञान शिळे असेल तर मिळविलेला हक्कही शिळा होतो.

आपल्या कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले? 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली आरंभी प्रशिक्षणाची अट होती. 1973 च्या सुधारणेने ती गेली. 1995 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक वर्षाच्या उमेदवारीचा नियम केला. तो अधिकाराबाहेरचा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये रद्द केला. 2010 साली अखिल भारतीय बार परीक्षा ठरली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने ती वैध ठरविली. ही सारी धडपड दारापाशी चालली आहे. आत शिरलेल्याने पुढची चाळीस वर्षे काय वाचले, हे सनद टिकविण्यासाठी दाखवावे, अशी अट या अधिनियमात नाही. राज्य बार कौन्सिलांच्या कार्यांत व्याख्याने व परिसंवाद भरविणे आणि कायद्याची नियतकालिके काढणे यांचा समावेश कलम 6 मध्ये आहे खरा; परंतु तेथे हजर राहण्याचे बंधन कोणावरच नाही.

इतर व्यवसाय पुढे गेले आहेत. सनदी लेखापालांना तीन वर्षांत ठराविक तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. महाराष्ट्रातील डॉक्टरांना पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना श्रेयांक दाखवावे लागतात. शिवाय डॉक्टर 1995 पासून ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहेत. वकील नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी स्पष्ट केले. त्या निर्णयामागची कारणे सबळ असतील. परंतु बाहेरचा अंकुश नको असेल तर आतली शिस्त अधिक कडक हवी, हे ओघानेच येते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, हे वर्ग म्हणजे हजेरीपटावर सही, चहा आणि प्रमाणपत्र एवढेच होऊन बसतील. ही भीती निराधार नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाला सोळा तासांचे बंधन होते; नोव्हेंबर 2016 पासून तास मोजणे सोडून, आपली पात्रता कशी राखली याचा आढावा व्यवसायीने स्वतः घ्यावा, अशी पद्धत आली. यावरून तास मोजून ज्ञान मोजता येत नाही हे सिद्ध होते. शिकण्याची गरज नाही हे सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मुंबईच्या मोठ्या सॉलिसिटर पेढ्यांना ग्रंथालय आहे, मदतनीस आहेत, नवा निवाडा त्यांच्या मेजावर संध्याकाळपर्यंत येतो. तालुक्याच्या वकिलाची मिळकत तारखांवर अवलंबून. शहरातील दोन दिवसांचे शिबिर म्हणजे दोन दिवसांची फी बुडाली. म्हणूनच सक्ती आधी आणि सोय मागाहून, असा क्रम असेल तर तो अन्याय ठरेल.

सोय फार अवघड नाही. माणगावला सत्र न्यायालय आहे. आसपासच्या तालुक्यांतील वकील तेथे येतातच. त्याच बार रूममध्ये महिन्यातून एक शनिवारची दुपार ठेवावी. विषय स्थानिक असावा: या महिन्यात महामार्गाचा मोबदला, पुढील महिन्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र, त्यापुढे कुळकायद्याच्या जमिनींचे हस्तांतरण. टिपण मराठीत असावे, कारण खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 2023 पासून विनामूल्य उपलब्ध आहेत, कित्येकांची मराठी भाषांतरेही मिळतात. उणीव कागदाची नाही. निवडून, समजावून सांगणाऱ्याची आहे. राज्यातील तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठांना हे काम नेमून देता येईल.

पैशाचे काय? जुलै 2024 च्या निर्णयानुसार सनद देताना राज्य बार कौन्सिलला सहाशे रुपयांहून अधिक घेता येत नाही. सहाशे रुपयांत चाळीस वर्षांचे अध्यापन होणार नाही, हे उघड आहे. तेव्हा पहिली काही वर्षे शासनाने भार उचलावा. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 7,210 कोटी रुपये मंजूर झाले. यंत्रावर इतका खर्च करणाऱ्याने यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसावर थोडा करावयास हरकत नसावी. सोय झाल्यानंतर तीन वर्षांनी बंधन घालावे. ते परीक्षेचे नसावे, आणि वयोवृद्ध वकिलांना अपमानास्पद वाटेल असेही नसावे. मात्र कोणत्या वकिलाने ते पाळले, याची यादी बार रूमच्या दारावर अशिलांना वाचता येईल अशी लावावी. शिस्तीचा हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये अधिवक्ता अधिनियमातील दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि वकिलांच्या विरोधामुळे मागे घेतला गेला. व्यवसायाच्या स्वायत्ततेसाठी वकील एकत्र येऊ शकतात, हे त्यातून दिसले. त्याच एकजुटीने, सरकारने सांगण्याची वाट न पाहता, एखाद्या तालुक्याच्या वकील संघटनेने ही शनिवारची दुपार आपण होऊन सुरू केली तर स्वायत्ततेचा याहून चांगला पुरावा दुसरा कोणता? बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी तिला एक नवमांश आणि एक तृतीयांश यांतला फरक सांगणारा माणूस भेटला पाहिजे. एवढीच मागणी आहे. आणि ती फार मोठी नाही.