मार्गदर्शकाची कमाई

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोली जिल्ह्याला आनंद झाला, तो योग्यच होता. पण मानांकन मिळालं म्हणून ते कुणालाही पुडीवर छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते. हळद पावडरीचं युनिट टाकू पाहणाऱ्या सेनगाव-कळमनुरीकडच्या पंचविशीतल्या मुलीला हे सांगणार कोण? सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान आहे आणि हिंगोलीसाठी निवडलेलं पीक हळदच आहे. बँक आहे, अर्ज भरून देणारेही आहेत. फाइल बाजूला ठेवून, 'ताई, पहिला टनभर माल घेणार कोण? त्याची उधारी किती दिवसांची?' असं विचारणारा माणूस मात्र सापडत नाही.

खरं तर तो माणूस जिल्ह्यातच आहे. निवृत्त बँक मॅनेजर आहेत, आयुष्यभर मोंढ्यात अडत चालवलेले व्यापारी आहेत, गाव सोडून पुण्याला किंवा संभाजीनगरला स्थिरावलेले इंजिनिअर आहेत. त्यांना हाक घालताना आपण 'समाजाचं ऋण फेडा' म्हणतो, आणि इथेच चुकतं. ऋण म्हटलं की माणूस हप्त्याचा विचार करतो. नवउद्योजकाच्या पाठीशी विनामोबदला उभं राहण्यात सर्वांत मोठी कमाई उभं राहणाऱ्याचीच असते, हे त्यांना सरळ सांगायला हवं.

हळकुंड मोडून आतला रंग पाहून भाव सांगणारा जुना व्यापारी घ्या. त्याचं ज्ञान बोटांत आहे. समोरची मुलगी 'असं का, काका?' म्हणून विचारते तेव्हा त्याला पहिल्यांदा त्यासाठी शब्द शोधावे लागतात. शोधताना कळतं की आपले काही ठोकताळे पक्के आहेत आणि काही नुसती सवय आहे. ती त्याला प्रयोगशाळेचा कुरकुमिनचा अहवाल वाचायला लावते. तीस वर्षांचा धंदा त्याला नव्याने दिसतो. निवृत्त अधिकाऱ्याची कमाई आणखी वेगळी. फोन वाजायचे थांबलेले असतात. आता एक फोन येतो, तोही हुकूम घ्यायला नव्हे, मत घ्यायला. ते मत उद्योजक नाकारू शकतो, नाकारून बरोबरही ठरू शकतो. आपलं म्हणणं मांडून हात मागे घ्यायला शिकणं साठीनंतर फार मोलाचं आहे. आणि युनिट बंद पडलंच तर जी हळहळ वाटते, तीही आम्ही कमाईतच धरतो. दुसऱ्याच्या धडपडीत जीव गुंतल्याशिवाय ती वाटत नाही.

शिकवता शिकवता शिकणं या मातीला नवं नाही. नरसीच्या नामदेवांना औंढ्याला विसोबा खेचर गुरू भेटले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते: हेच विसोबा आळंदीत वयाने लहान असलेल्या ज्ञानदेव-मुक्ताईंसमोर नमले होते. धाकट्यांकडून शिकलेला माणूस पुढे नामदेवांना शिकवू शकला.

आजही अशा सोयी आहेत. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२पासून एका तरुण उद्योजकामागे एक स्वयंसेवी मार्गदर्शक देत आला आहे. संभाजीनगरला मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेने २०१६ साली 'मॅजिक' ही नवउद्योगांना हात देणारी संस्था उभी केली. मार्गदर्शक जोडून देणारं केंद्राचं 'मार्ग' पोर्टलही आहे. पण हळद शिजवायचा कुकर कुठे बसवला, वाळवायला जागा पुरते का, हे पाहायला माणूस तासाभराच्या अंतरावर हवा.

म्हणून हिंगोलीच्या जिल्हा उद्योग केंद्राने अशा इच्छुक मार्गदर्शकांची यादी करावी आणि ती दर्शनी भागात लावावी. एका मार्गदर्शकाकडे एकच उद्योग, किमान दोन हंगाम. कमिशन नाही, भागीदारी नाही, स्वतःचा माल खपवणं नाही. काढणी जानेवारीत सुरू होते. यादी दिवाळीपूर्वी लागली तर पहिली भेट शेतातच होऊ शकेल, हळद जमिनीत असतानाच.