गाडीची देखभाल : क्लॅम्प किती आवळावा?



थंडी सुरू झाली की मंडळातली दोन-तीन कुटुंबे तरी आम्हाला एकच तक्रार सांगतात. सकाळी गाडीखाली हिरवे किंवा गुलाबी थेंब दिसतात, दुपारी इंजिन तापले की गळती बंद होते आणि गॅरेजमध्ये नेली तर काहीच सापडत नाही. अशा वेळी रेडिएटर बदलण्याचा खर्च मनात धरण्याआधी होज पाइपावरचे क्लॅम्प पाहावेत.

गळती का होते ते आधी पाहू. रेडिएटरचे होज बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. तापल्यावर हे रबर पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. स्क्रूच्या क्लॅम्पची पोलादी पट्टी मात्र जवळजवळ आहे तेवढीच राहते. फुगायला जागा नसल्याने रबर पट्टीखाली दबते आणि हळूहळू दबलेलेच राहते. रात्री गारठा पडला की ते आकसते, पट्टी तिथेच असते, आणि मधल्या फटीतून कूलंट झिरपते. आपण क्लॅम्प आणखी आवळतो. आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच! गावी नळीला तार गुंडाळून पकडीने पिळायची आपली सवय इथे कामाची नाही. जास्त आवळल्याने रबर कापले जाते. अति तेथे माती.

म्हणून बऱ्याच गाड्यांना कारखान्यातूनच स्प्रिंगचे क्लॅम्प येतात. दिसायला अगदी साधे, दोन कान असलेली एक पट्टी. पण होज फुगला की ते मोकळे होतात, आकसला की मागोमाग घट्ट होतात. होज बदलताना पुष्कळ जण हे काढून स्क्रूचे ‘मजबूत’ क्लॅम्प लावतात. आमचा सल्ला उलटा आहे: स्प्रिंगच्या जागी त्याच मापाचा स्प्रिंगचाच क्लॅम्प लावावा. तो काढण्यासाठी खास पक्कड मिळते. साध्या पकडीतून तो उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

मुळात स्क्रूचाच क्लॅम्प असेल तर तोच चालेल. ही जात जुनी. इंग्लंडमधल्या मंडळींना ‘ज्युबिली क्लिप’ हे नाव ठाऊक असेल. ती १९२१ साली नौदलातल्या कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी काढली. विकत घेताना एवढे पाहावे:

१. माप : होज नळीवर चढवून त्याचा बाहेरचा व्यास मोजावा. क्लॅम्पवर लिहिलेल्या कमाल-किमान मापांच्या मध्याच्या आसपास तो यावा. फार मोठा घेतला तर शेपूट लोंबते आणि पंख्यात जाऊ शकते.

२. धातू : पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साधा, असे क्लॅम्प पुष्कळ विकले जातात. रस्त्यावरच्या मिठाने तो स्क्रू गंजून बसतो. ‘ऑल स्टेनलेस’ लिहिलेले घ्यावे.

३. पट्टी : आरपार खाचा असलेल्या पट्टीत मऊ रबर घुसते. आतून गुळगुळीत पट्टी बरी. सिलिकॉनच्या होजला तर आतून अस्तर असलेलाच क्लॅम्प हवा.

४. स्प्रिंग वॉशर : स्क्रूखाली स्प्रिंग वॉशरची चळत असलेले क्लॅम्प मिळतात. थोडे महाग, पण थंड प्रदेशात पैसे वसूल.

बसवताना क्लॅम्प नळीच्या कंगोऱ्याच्या मागे आणि होजच्या टोकापासून साधारण पाव इंच आत यावा. होज चढत नसेल तर थोडे कूलंट लावावे. तेल किंवा ग्रीस कधीही नको, ईपीडीएम तेलाने फुगते. अर्धा इंच रुंद पट्टीला साधारण ३० ते ४० इंच-पाउंड जोर पुरतो. त्यानंतर इंजिन एकदा चांगले तापवून पूर्ण गार होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. खरी परीक्षा गार इंजिनावरच होते.

हे सारे काम थंड इंजिनावरच करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखालचे पाणी १००° सेल्सिअसच्याही वर असू शकते, आणि झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते. सांडलेले कूलंट लगेच पुसावे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि कुत्री-मांजरे त्याला फसतात.

एवढा खटाटोप का? गाडीतला हीटर याच कूलंटवर चालतो. शून्याखालच्या रात्री हायवेवर ते संपले तर पुढे इंजिन जळते आणि मागच्या सीटवर मुले गारठतात. या शनिवारी दिवसाउजेडी बॉनेट उघडून प्रत्येक क्लॅम्पजवळ वाळलेल्या कूलंटचा रंगीत पापुद्रा दिसतो का, एवढे तरी पाहून घ्यावे.

पुढील अंकी : थंडीतली बॅटरी.