निळ्या उजेडातले प्रवाळ आणि चौकटीबाहेरचे पाणी

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक शहापूरला शिकवतो, दुसरा मुरबाडला. मध्यंतरी मुलुंडच्या एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्या दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आहे. तीत मीठ कालवून केलेले समुद्राचे पाणी, खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. स्नेह्यांनी टाकी दाखवली थोडी आणि तिची छायाचित्रे दाखवली पुष्कळ. काळ्याभोर पार्श्वभूमीवर पेटल्यासारखे हिरवे, केशरी, जांभळे रंग. मग म्हणाले, "सर, तुम्ही वर्गात शिकवता ना, तशी ही माझी निसर्गकविता." आमचे भांडण त्यांच्या छंदाशी नाही, या वाक्याशी आहे.

आधी श्रेय देऊ. हे छायाचित्रण सोपे नाही. पंप बंद करून पाणी स्थिर करायचे, काच आतूनबाहेरून पुसायची, कॅमेरा काचेसमोर अगदी सरळ धरायचा. जरा तिरका झाला की कडा पुसट होऊन त्यांना रंगांची झालर येते. टाकीवरच्या निळ्या दिव्यांखाली कॅमेऱ्याला सारेच निळे दिसते, म्हणून भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच लावतात. निळा उजेड तिथे अडतो आणि प्रवाळातल्या विशिष्ट प्रथिनांनी परत टाकलेला हिरवा, लाल प्रकाश तेवढा आत येतो. इतका वेळ एका मुखाकडे पाहत बसणारा माणूस उथळ नसतो, हे आम्हांला मान्य आहे.

परंतु तो रंग म्हणजे काय? प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा ती आपल्या यजमानाला देतात. ही शैवाले तपकिरी, म्हणून धडधाकट प्रवाळही पुष्कळदा तपकिरीच दिसतो. तो तपकिरीपणा नको म्हणून अनेक हौशी लोक पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी कमी राखतात. शैवाले विरळ होतात आणि खालचे रंग वर येतात. समुद्र तापला की हीच शैवाले प्रवाळ सोडून जातात आणि तो पांढरा पडतो. काही प्रवाळ तर त्या संकटातच विलक्षण भडक होतात. जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. तेव्हा भडक रंग पाहून 'किती जिवंत!' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

या दोषात आपण साहित्याचे लोकही वाटेकरी आहोत. आपल्या परंपरेने प्रवाळाला पोवळे केले, विद्रुम केले; ओठांच्या उपमेत बसवले, मंगळाच्या अंगठीत जडवले. हा जीव आहे, तो खातो आणि मरतो, हे आपल्या अलंकारशास्त्राला कधी हवेच नव्हते. स्नेह्यांची छायाचित्रे त्याच अलंकाराची विजेवर चालणारी आवृत्ती आहेत.

याच्या उलट उदाहरण दूर नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांत जिवंत प्रवाळ उघडे पडतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी २०१७ पासून तिथे चिखल तुडवत जाऊन त्यांची छायाचित्रे घेत आली आहेत. मळकट, मातकट चित्रे. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्याही दिसतात. पण मुंबईत प्रवाळ आहेत, हे अनेकांना त्या चित्रांमुळेच कळले. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तरीही सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथील वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे रोवण्यात आल्या. ज्या चित्रात पिशवी दिसते, त्याच चित्रात पुढे रस्ताही दिसू शकतो. काळ्या पार्श्वभूमीवर काहीच दिसत नाही.

आणि आता आमचा घरचा मुद्दा. टाकीतले पाणी रोज वाफ होऊन उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोज गोडे, गाळलेले पाणी वर घालावे लागते, आणि ते गाळतानाही काही पाणी वाया जाते. मुलुंडच्या नळाला हे पाणी येते कुठून? तानसा तलाव १८९२ चा, मध्य वैतरणा २०१४ चे, आणि मुंबईला सर्वाधिक पाणी देणारा भातसा तर आमच्या शहापूर तालुक्यातलाच. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लावून बसतात. एका टाकीने धरण आटत नाही, हे आम्हांलाही कळते. स्नेह्यांवर पाणीचोरीचा आरोप आम्ही करत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या चित्रातून पंप, दिवा, नळ आणि धरण काळजीपूर्वक वगळले आहे, त्याला निसर्ग म्हणू नये. त्याला सजावट म्हणावे. सजावट असणे हा गुन्हा नाही.

हे इतके लावून धरण्याचे कारण आमच्या वर्गात आहे. दर पावसाळ्यात आमचे विद्यार्थी निसर्गकविता लिहून आणतात. तीत माळशेजचे धबधबे असतात, माहुलीवरचे धुके असते, टँकर नसतो. तो विद्यार्थी सकाळी टँकरवर हंडा भरून आलेला असतो, तरी कवितेत हंडा येत नाही, कारण तो 'काव्यात्म' नाही, असे त्याला कुणीतरी शिकवलेले असते. ते शिकवणारे आम्हीच. वर्षानुवर्षे आम्ही रसग्रहणाच्या प्रश्नांत रंग, गंध आणि नाद यांना गुण दिले. चौकटीबाहेर काय राहिले, हे एकदाही विचारले नाही.

यंदापासून तो प्रश्न आम्ही विचारणार आहोत. इतर महाविद्यालयांतील अध्यापकमित्रांनीही तो विचारावा, अशी आमची मागणी आहे. आणि मुलुंडच्या स्नेह्यांना एक विनंती: एकदा दिवाणखान्यातला साधा दिवा लावून, पंप चालू ठेवून, खालची पाण्याची बादली चित्रात येऊ देऊन एक छायाचित्र काढा. ते आम्ही वर्गात जरूर दाखवू.