ड्रॉपबॉक्समधली मुलं

युडायस प्लस या सरकारी पोर्टलवर ‘ड्रॉपबॉक्स’ नावाची एक जागा आहे. आपण फोटो ठेवतो ती नव्हे. मूल शाळा सोडून गेलं की शिक्षक त्याचं नाव वर्गाच्या यादीतून काढून तिथे टाकतात. दुसऱ्या शाळेने ते उचललं की मूल पुन्हा पटावर येतं. उचलायला नव्या शाळेला त्याचा पेन, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, आणि जन्मतारीख लागते. आईबापांना तो नंबर माहीत नसेल आणि नवी शाळा शोधायला सवडच झाली नसेल, तर नाव तिथेच पडून राहतं.

आता काशीमीरा नाक्यावर या. द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात तिथे. डोक्यावर मेट्रो, आजूबाजूला टॉवर आणि टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या. स्लॅब पडेपर्यंत इथे कुटुंबं राहतात, मुलं जवळच्या पालिका शाळेत जातात. इमारत संपली की मुकादम दुसरी साइट दाखवतो, वसई नाहीतर भिवंडी. समजा, पाचवीतली एक मुलगी अशीच निघून गेली. बाईंनी आठवडाभर वाट पाहिली, बापाचा फोन लावला, तो बंद. शेवटी नाव ड्रॉपबॉक्समध्ये गेलं. संगणकाच्या दृष्टीने काम चोख झालं. मुलगी कुठे आहे, हे विचारणं मात्र कुणाच्याच कामात बसत नाही.

‘शिक्षणातल्या माहितीचा चांगला वापर’ या नावाखाली सरकार पैसा देतं तेव्हा मला ही मुलगी आठवते. २०२० मध्ये केंद्राने ‘स्टार्स’ प्रकल्प मंजूर केला. एकूण ५,७१८ कोटी रुपयांचा, त्यातले सुमारे ३,७०० कोटी जागतिक बँकेच्या मदतीचे. सहा राज्यांत महाराष्ट्रही आहे, आणि माहितीची यंत्रणा सुधारणं हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक. राज्याचं विद्या समीक्षा केंद्र पुण्यात उभं राहिलं. डिसेंबर २०२३ पासून शिक्षकांनी मुलांची हजेरी चॅटबॉटवर भरावी असं सांगितलं गेलं. वर्गात नेटवर्क नाही, फोन शिक्षकाचा, डेटाही त्याच्याच खिशातला. शिक्षकांनी विरोध केला तेव्हा ‘यांना कामच नको’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पण शिक्षकाला मिळतं काय? ती हजेरी त्याने आधीच घेतलेली असते. त्याला हवं असतं ते गैरहजर पोराच्या घरी जाणारं कुणीतरी.

मोजणी नकोच, असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पटावरची सुमारे २० लाख मुलं वर्गात नव्हती. त्या नावांवर अनुदान, शिक्षकांची पदं, पोषण आहार सगळं चालत होतं. ते उघडं पाडणं गरजेचंच होतं. घोळ असा की तेव्हापासून आपली यंत्रणा फक्त चोर पकडायला शिकली, मूल शोधायला नाही. जुलै २०१५ मध्ये शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण एका दिवसात उरकलं, बोटाला शाई लावून, मतदानासारखं. भटकणारं मूल नेमकं त्या शनिवारी घरी सापडेल, ही कल्पना ज्याला सुचली त्याने साइटवरची खोली पाहिली नसावी. त्याच वर्षी ‘सरल’ आलं. पुढे संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार वैध ठरलेलीच मुलं धरायला सुरुवात झाली. आधार नाही म्हणून मुलाचा हक्क नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं होतं. मुलाला कुणी हाकलत नाही, हे खरं. ते वर्गात बसतं, फक्त त्याच्यासाठी शिक्षक मोजला जात नाही.

देशपातळीवर बघा. २०२१-२२ मध्ये पटावर २६.५२ कोटी मुलं होती, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. मंत्रालय म्हणतं, आता एकेका मुलाची नोंद होते, दुबार नावं गळली, आकड्यांची तुलना करू नका. दुबार नावं गळली असतीलच. पण या पावणेदोन कोटींत बोगस किती आणि काशीमीऱ्याच्या त्या मुलीसारखी किती, हे वेगळं काढायला कुणीतरी दारात जावं लागतं. डॅशबोर्डला पाय नसतात.

आणि दारात जायची जबाबदारी कुणाची, हे कायद्यात लिहिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ वाचा: हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम. म्हणजे इथे मीरा-भाईंदर महानगरपालिकेचं. मग माहितीच्या अनुदानाचा मोठा वाटा पुण्याच्या पडद्यांवर कशाला? तो वॉर्डात यावा. एक पगारी माणूस, एक फोन, हिंदी-मराठी दोन्ही बोलणारा, दर आठवड्याला ड्रॉपबॉक्सची यादी हातात. मुकादमाला ओळखणारा असला तर आणखी बरं.

‘स्टार्स’मध्ये पैसा निकाल बघून सुटतो, असं कौतुकाने सांगतात. मग निकाल म्हणून किती नोंदी भरल्या हे का धरायचं? ड्रॉपबॉक्समधून किती मुलं बाहेर आली, हे धरा. निम्मे अधिकारी रात्रीत कामाला लागतील.

गंमत म्हणजे आपल्याकडे यापेक्षा साधी गोष्ट आधीच आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड. मूळ शाळेने ते भरून द्यायचं, पोहोचेल त्या गावच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यायचं. त्यात माहिती मुलाबरोबर चालते, तिच्या पिशवीत. सर्व्हर बंद पडला तरी वाचता येते. बांधकामाच्या साइटवरून जाणाऱ्या मुलीच्या पिशवीत ते आहे का, हे कुणी बघत नाही.

यंदा तुमचा नगरसेवक दारात आला की गटारांबरोबर हेही विचारा: आपल्या वॉर्डातल्या शाळांमधून ड्रॉपबॉक्समध्ये किती नावं गेली, आणि त्यातल्या किती घरांना पालिकेतून फोन गेला?